आचंद्रार्क आणि उणे १९६ अंश

मृत घोषित झालेल्या माणसाचे शरीर द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात, भविष्यातील वैद्यक त्याला पुन्हा उठवील या भरवशावर राखून ठेवण्याच्या प्रथेला क्रायॉनिक्स म्हणतात. तिच्याविषयीचा बहुतेक वाद पेशींभोवती फिरतो : गोठताना बर्फाचे स्फटिक ऊतींना फाडतात काय, आणि रक्ताच्या जागी संरक्षक द्रव भरून शरीर स्फटिक न होऊ देता काचेसारखे घट्ट करण्याच्या प्रक्रियेने, जिला काचीभवन म्हणता येईल, मेंदूतील जोडण्या शाबूत राहतात काय. हे सारे प्रश्न सुटले असे क्षणभर धरले, तरी दोनशे-तीनशे वर्षे ती टाकी भरत कोण राहणार, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळण्यासारखे नाही.

ही टाकी विजेवर चालत नाही. ती एक प्रचंड थर्मास असते, आतला नायट्रोजन सावकाश उडून जातो आणि तो वेळोवेळी भरावा लागतो, त्यामुळे एका रात्रीच्या अंधाराने तिचे काही बिघडत नाही, मात्र पुरेशा लांबलेल्या अनास्थेने सर्वस्व जाते. १२ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांचे शरीर गोठवण्यात आले आणि ते आजही टिकून आहे, कारण पहिली कित्येक वर्षे त्यांच्या कुटुंबाने ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवत स्वतः सांभाळले. त्या काळातील इतर जवळजवळ सर्व शरीरे नष्ट झाली. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील तळघरात नऊ शरीरे कुजल्याचे १९७९ मध्ये उघडकीस आले. तेथे पैसा नातेवाइकांकडून हप्त्याहप्त्याने यायचा होता, आणि दुःख जसजसे निवत गेले तसतसे हप्तेही आटत गेले.

या अनुभवातून पुढच्या संस्था शहाण्या झाल्या. १९७२ मध्ये स्थापन झालेली अल्कोर आणि रॉबर्ट एटिंजर यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये मिशिगनमध्ये निघालेली क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्था रक्कम एकदाच, बहुधा आयुर्विम्यातून, घेतात. अल्कोरने तर शरीरांच्या देखभालीचा निधी संस्थेच्या रोजच्या खर्चापासून अलग काढून १९९७ मध्ये त्याचा स्वतंत्र न्यास केला. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निभावून न्यायचे, ही ती योजना. भारतीय वाचकाला ती अपरिचित वाटू नये. चोळकालीन शिलालेखांत देवळातील एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात, आणि त्या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे म्हटले जाते : मेंढी मरते, पण कोकरू तिची जागा घेते, कळप तेवढाच राहतो आणि धनगर रोजचे ठरलेले तूप देत राहतो. हिशोब निर्दोष आहे. तरीही ते कळप आज कोठे आहेत, असे विचारले तर उत्तर देता येत नाही.

कोकणातील दात्यांना ही शंका आधीच आली असावी. शिलाहारकालीन दानलेखांच्या शिळांवर माथ्याशी चंद्रसूर्य कोरलेले असतात, म्हणजे दान आचंद्रार्क, चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे. आणि त्यांपैकी गद्धेगाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिळांवर, दान मोडणाऱ्यासाठी गाढवाची अश्लाघ्य शिवी चित्रासह कोरलेली असते. राजवट बदलल्यावर दानपत्र राबवणारा कोणी उरणार नाही, हे ओळखूनच ही शिवी लिहिलेली दिसते.

चिपळूण तालुक्यातील अलोरे या गावाच्या परिसरात हाच प्रश्न सिमेंटमध्ये पाहायला मिळतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याच्या निमित्ताने पोफळीच्या शेजारी येथे प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. बांधकाम होते तोवर ती गजबजलेली होती, आणि काम सरले तशी माणसे पांगली. घाटमाथ्यावरील धरणाचे मात्र तसे झाले नाही. बेडफर्ड गोठले त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपात धरणाला तडे गेले, तेव्हा ते भक्कम करण्यासाठी खर्च करण्यात आला आणि पुढे सांडव्याच्या भागाचेही मजबुतीकरण झाले. कारण धरणाखाली जिवंत माणसे राहतात आणि त्याच्या विजेवर जिवंत माणसे चालतात. याच प्रकल्पाच्या जलाशयाने ज्यांची गावे बुडाली, त्यांना मात्र पुनर्वसनासाठी अर्धशतकाहून अधिक काळ मागणी करत राहावे लागले. त्यांना तोंड होते, मत होते, मोर्चा काढता येत होता. टाकीतील माणसाकडे यातले काहीच नाही.

कायद्याच्या दृष्टीने तर तो कोणीच नाही. भारतात देवता ही कायदेशीर व्यक्ती मानली जाते आणि नित्य अज्ञान समजून तिच्या वतीने दुसऱ्याला दावा लावता येतो. मृतदेहाला असे स्थान नाही. पण कायद्याहूनही देवाला जे तारते ते मानपान. शिमग्यात पालखी प्रथम कोणी उचलायची, नारळ कोणाचा, यावरून कोकणातील गावांत कोर्टापर्यंत भांडणे जातात आणि सुशिक्षित माणसे त्याला हसतात. परंतु ज्या व्यवस्थेतील आपल्या वाट्यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडतात ती व्यवस्था विसरली जाणे कठीण असते. क्रायॉनिक्सच्या संस्थांत मानकरी नाहीत. आजचे चालक बहुधा स्वतः सभासद असतात, आपल्यालाही एक दिवस त्याच टाकीत जायचे आहे म्हणून ते दक्ष राहतात, आणि हीच त्यांची खरी ठेव आहे, निधीहूनही मोठी. नवे सभासद येणे थांबले तर ती संपेल. भांडण झाले तरी ते मानाचे नसते, ताब्याचे असते : २००५ मध्ये स्थापन झालेल्या रशियातील क्रिओरस या संस्थेच्या चालकांत वितुष्ट आल्यावर २०२१ मध्ये शरीरांच्या टाक्या ट्रकवर चढवून नेण्याचा प्रकार घडला.

नातेवाइकांवर तर फार विसंबता येणार नाही. श्राद्धाच्या विधीत पिंड दिला जातो तो पिता, पितामह आणि प्रपितामह यांना. त्यापलीकडचे पूर्वज नावाने उरत नाहीत. मृतांसाठी राबण्याची मर्यादा तीन पिढ्या, हा शास्त्रकारांचा अंदाज कठोर असला तरी व्यवहाराला धरून आहे, आणि क्रायॉनिक्सला त्याच्या कितीतरी पट मुदत हवी आहे.

शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची आख्यायिका या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. आचार्य अमरुक राजाच्या मृतदेहात शिरतात, त्यांचा स्वतःचा देह गुहेत शिष्यांच्या पहाऱ्यात राहतो, आणि राजाच्या चाणाक्ष अमात्यांना शंका येताच ते राज्यातील प्रेते शोधून जाळण्याचा हुकूम काढतात. मुदत अवघ्या एका महिन्याची होती, पहारेकरी निष्ठावंत शिष्य होते, तरीही ती उलटल्यावर आचार्यांना परत बोलावण्यासाठी त्यांच्यापैकी काहींना राजवाड्यापर्यंत जावे लागले.