चिलखत आणि हुलकावणी

सुटीत घरी येणाऱ्या आपल्या कॉलेजकुमारांच्या तोंडी अलीकडे एक वाद ऐकू येतो. अद्भुत राज्यांच्या, राक्षसांच्या आणि जादूगारांच्या खेळात आपल्या योद्ध्याने जड चिलखत घालावे, की हलका वेष करून घाव चुकवावेत? अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. तेव्हापासून या जातीच्या खेळांत, मग ते पाटावरचे असोत वा संगणकावरचे, हा प्रश्न खेळाडूला सुटलेला नाही. त्या मूळ खेळाच्या अलीकडच्या नियमांप्रमाणे संपूर्ण पत्र्याच्या चिलखताचे वजन 65 पौंड, म्हणजे जवळजवळ तीस किलो धरलेले आहे. ते घालणाऱ्याला अंगच्या चपळाईचा काहीही लाभ मिळत नाही आणि पावलांचा आवाज न करता जाणेही त्याला कठीण होते. कातडी कवच घालणाऱ्याच्या पदरात मात्र त्याची चपळाई जमा होते. (जाता जाता सांगावयाचे म्हणजे, या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत पुरोहिताला चिलखत चालते, पण पाते असलेले शस्त्र चालत नाही. गदेने डोके फोडले तर मात्र हरकत नाही! आमच्या धर्मगुरूंना हा नियम कसा वाटेल, हे विचारण्याचे धैर्य आम्ही अद्याप केलेले नाही.)

या जातीच्या दुसऱ्या कित्येक खेळांत भेद अधिक स्पष्ट असतो. चिलखत घालणाऱ्याला प्रत्येक घाव लागतो, पण थोडा थोडा. हुलकावणी देणाऱ्याचे बहुतेक घाव हुकतात. मात्र जो लागतो, तो पूर्ण लागतो. मुले यावर तासन् तास हिशेब करतात. आम्हांला मात्र हिशेबापलीकडचा एक प्रश्न पडतो, आणि तो खेळात उद्भवतच नाही. कारण खेळात चुकवलेला घाव हवेत विरून जातो. आयुष्यात चुकवलेला घाव कोठे जातो?

महाराष्ट्राला ही निवड नवी नाही. नोव्हेंबर 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेच महाराज पुढच्याच वर्षी, जुलै 1660 मध्ये, पन्हाळ्याच्या वेढ्यातून रात्री निसटले, आणि 1666 च्या ऑगस्टात आग्र्याहून. म्हणजे ज्याला गनिमी कावा साधला त्याला चिलखताचे वावडे नव्हते. प्रसंग पाहून दोन्ही वापरण्याचे शहाणपण त्याच्यापाशी होते. पण पन्हाळ्याची हुलकावणी फुकट मिळाली नाही. महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद मारला गेला असे परंपरा सांगते, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू व त्यांचे मावळे पडले. त्यांनी ते स्वखुशीने केले, म्हणून ती खिंड पावन ठरली. हाच घाव कोणाच्या संमतीवाचून त्याच्या अंगावर ढकलला असता, तर त्या रात्रीला आपण वेगळे नाव दिले असते.

पानिपतावर हाच वाद छावणीतच पेटला होता. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ यांच्या बळावर भाऊसाहेबांनी जड लढाई पत्करली; मल्हारराव होळकरांचा ओढा जुन्या गनिमी काव्याकडे होता, असे बखरी सांगतात. 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळनंतर होळकरांना शहाणे ठरवणे सोपे झाले. आम्हांला ते तितके सोपे वाटत नाही. त्या छावणीत बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. एकटा स्वार हूल देऊन निघून जातो. ज्याच्या मागे मुलाबाळांचा तळ आहे, त्याने हूल कशी द्यावी? तो वाकला की घाव मागच्याला लागतो. तळ मागेच कोठेतरी सुरक्षित ठेवून यावयास हवे होते, हे खरे. पण ती निवड रणांगणावरची नव्हती, घरून निघतानाची होती.

पवित्र शास्त्रात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. गल्याथाशी लढावयास निघालेल्या दावीदाला शौल राजाने आपले चिलखत चढवले. दावीदाला त्यात चालताच येईना, म्हणून त्याने ते उतरवले आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले. पुढे त्याच शौलाच्या भाल्यापासून तो वारंवार निसटला. संत पौल एफेसकरांना देवाची शस्त्रसामग्री धारण करावयास सांगतात. तेच संत पौल दमास्कस शहराच्या तटावरून पाटीत बसून खाली उतरले आणि निसटले. स्वतः प्रभू येशूनेही हुलकावणी दिली होती, हे आपण उपदेशात क्वचितच ऐकतो. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटावयास नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले, तेव्हा तो आडोशाला झाला. लाजरसाला उठविल्यानंतर तो एफ्राईम गावी जाऊन राहिला.

यावरून आरंभीच्या ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला. छळाच्या वेळी पळून जावे काय? आफ्रिकेतील तर्तुलियनने सुमारे 212 साली याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि पळणे सर्वथा निषिद्ध ठरवले: छळ देवाच्या इच्छेने येतो, तेव्हा त्याच्यापासून पळणारा देवाच्या इच्छेपासूनच पळतो. युक्तिवाद लोखंडी आहे. मात्र तर्तुलियन स्वतः जख्ख म्हातारा होऊन वारला, असे संत जेरोम नोंदवतात. त्याच्या उलट कार्थेजचे बिशप संत सिप्रियन. सम्राट देसियसच्या छळात, 250 साली, ते लपून बसले. रोममधील धर्मगुरूंनी यावरून त्यांना टोचून लिहिले. सिप्रियन लपल्या जागेतून पत्रांमागून पत्रे पाठवीत राहिले, तुरुंगातल्यांची आणि गरिबांची सोय लावीत राहिले. आपण उघड राहिलो तर जमाव खवळेल आणि घाव कळपावर पडेल, हे त्यांचे कारण होते. आठ वर्षांनी, वालेरियनच्या छळात, सुभेदाराने त्यांना उटिका नगरीत बोलावले. ते पुन्हा लपले! पण या वेळी मरण टाळण्यासाठी नव्हे. बिशपाने आपल्या लोकांमध्ये मरावे, परक्या गावी नव्हे, म्हणून. सुभेदार कार्थेजला परतताच ते प्रकट झाले, आणि 14 सप्टेंबर 258 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

आम्ही सिप्रियनच्या बाजूचे आहोत, हे वाचकांनी ओळखलेच असेल. अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियुसांवर भित्रेपणाचा आरोप झाला, तेव्हा त्यांनीही आपल्या पळण्याचे समर्थन लिहिले आणि पाच वेळा हद्दपारी सोसली. या दोघांना भ्याड म्हणणे कोणाच्याही मनात येणार नाही. तरीही शुभवर्तमानात लांडगा येताच पळणारा मोलकरी मेंढपाळ आहेच. त्याचे पाय आणि सिप्रियनचे पाय एकसारखेच धावतात. फरक इतकाच की, एकाच्या पळण्याने घाव मेंढरांवर पडतो, आणि दुसऱ्याच्या पळण्याने तो त्यांच्यावरून टळतो.

आता चिलखताकडे वळू. आमच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी आहे. गांधीजी 1936 साली या गावी, तेव्हाच्या शेगावात, राहावयास आले. मातीच्या भिंती, कौले आणि चटया. तेथे साप पकडण्याचा चिमटा आणि पेटी अजून दाखवतात: साप मारावयाचा नाही, त्याच्यापासून पळावयाचेही नाही, धरून दूर सोडून यावयाचे. त्याच जिल्ह्यात पुलगावला सैन्याचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तेथे आग लागली आणि ती विझविणारे जवान प्राणास मुकले. संरक्षणासाठी साठवलेली वस्तूच कधी कधी राखणदाराला गिळते.

परंतु कुटीला डोळे मिटून कौल द्यावा, असेही आम्हांस वाटत नाही. दिल्लीत 20 जानेवारी 1948 रोजी प्रार्थनासभेत बाँब फुटला. त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्यांची झडती घ्यावी, असे सरदार पटेलांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते मानले नाही. दहा दिवसांनी जे झाले ते जगाला ठाऊक आहे. प्रार्थनेला येणाऱ्यावर संशय घेणे हे त्यांना मरणापेक्षा जड वाटले असावे. पण त्या मैदानात इतर माणसेही बसत होती, बायका आणि मुलेही. 20 तारखेचा बाँब त्यांच्यातही फुटू शकला असता. स्वतःचे चिलखत उतरविण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; शेजाऱ्याचे उतरविण्याचा आहे काय? आम्हांला याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

चिलखताचा दुसरा दोष अधिक घरगुती आहे. त्यात वाकता येत नाही. तीस किलो लोखंड अंगावर असता दुसऱ्याचे पाय धुता येणार नाहीत. प्रभूनेही त्या रात्री बाहेरची वस्त्रे उतरवून कमरेला रुमाल बांधला होता.

विदर्भातील शेतकऱ्यांसाठी पंतप्रधानांनी 2006 साली जाहीर केलेल्या मदतीच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. तो का होता, हे येथल्या कापूस पिकविणाऱ्या घरांना सांगावयास नको. कर्ज अंगावर आले की घरचा कर्ता पुरुष दोहोंपैकी एक करतो. एक जण चिलखत चढवतो: चेहरा दगडासारखा, जेवताना शब्द नाही, बायकोने विचारले तर ‘तुला काय करायचे आहे?’ प्रत्येक घाव थोडा थोडा आत मुरतो, आणि किती मुरला हे कोणाला कळत नाही, कित्येकदा फार उशीर होईपर्यंत. दुसरा हुलकावणी देतो: सावकाराच्या येण्याच्या वेळी तो शेतात असतो, फोन उचलत नाही, बाजाराचा रस्ता बदलतो. आणि दारात उभ्या राहिलेल्या सात वर्षांच्या मुलाला सांगावे लागते, ‘बाबा घरी नाहीत.’ रविवारी तेच मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा पाठ म्हणते.

गेथसेमनीच्या बागेत मशाली घेऊन लोक आले, तेव्हा प्रभूला पळता येत होते. अंधार होता, डोंगर जवळ होता आणि वाटा ओळखीच्या होत्या. पेत्राने तलवार उपसली, ती त्याने म्यानात घालावयास लावली. त्याआधीच तो पुढे झाला होता, कोणाला शोधता म्हणून त्याने विचारले होते, तो मीच असे सांगितले होते, आणि आपल्याबरोबरच्यांना जाऊ देण्यास बजावले होते. शिष्य त्या रात्री पळाले. त्यांच्या पळण्याची किंमत पुढे उभ्या राहिलेल्याने आधीच मोजली होती.

दारातल्या त्या मुलाच्या पुढे कोण उभे राहणार, हा प्रश्न केवळ त्याच्या बापाचा नाही. आपल्या पॅरिशमध्ये बँकेचे कागद वाचता येणारी माणसे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मिस्सानंतर अर्धा तास अंगणात गप्पा मारणारे आम्ही सारे आहोत. सोमवारी सकाळी त्या बापाबरोबर बँकेत जाऊन बाकावर बसावयाचे, सावकार आला तर चहा मांडून त्याच्याशी मुदतीचे बोलावयाचे, एवढे काम आहे. त्याला चिलखत लागत नाही. सकाळ मात्र मोडावी लागते.