नंदादीप विझला तर?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या आठवड्यात एका ताईंनी ग्रुपवर विचारलं, "सासूबाई गेल्या, त्यांचा नंदादीप माझ्याकडे आला. परवा रात्री तो विझला. काही अशुभ तर होणार नाही ना?" ही धास्ती आपल्यापैकी अनेकींच्या मनात असते, म्हणून आज थोडं त्यावरच.

पॅरिसला विजय कमानीखाली पहिल्या महायुद्धातल्या एका अनाम सैनिकाची समाधी आहे. तिथे ११ नोव्हेंबर १९२३ ला अखंड ज्योत लावली. ज्योत अखंड, तरीही रोज संध्याकाळी साडेसहाला माणसं जमून ती नव्याने उजळतात. दुसऱ्या महायुद्धात शहर शत्रूच्या ताब्यात गेलं, तेव्हासुद्धा हा नेम मोडला नाही.

हिरोशिमाला अणुबॉम्बने गेलेल्या जीवांसाठी १९६४ पासून ज्योत तेवते आहे. वास्तुकार केंझो तांगे यांनी तिचा चौथरा कसा घडवला माहीत आहे? मनगटं जुळलेली आणि तळवे आकाशाकडे उघडलेले, अशा दोन हातांसारखा! शेवटचं अण्वस्त्र नाहीसं होईल त्या दिवशी ही ज्योत शांत करायची, असा संकल्प आहे.

आपल्या दिल्लीतही इंडिया गेटखाली १९७२ पासून असलेली अमर जवान ज्योत २०२२ मध्ये राष्ट्रीय समर स्मारकाच्या ज्योतीत मिळवली. कितीतरी जणांना हळहळ वाटली. पण जवानांचं स्मरण काही थांबलं नाही.

यातून मला उमगलं ते एवढंच. तेल संपतं, वातीवर काजळी धरते, वारा येतो. तो ज्योतीचा धर्मच आहे. अखंड राहायचं असतं ते सांभाळणाऱ्या हातांनी. सद्गुरूंनी नामाची ज्योत आपल्या हाती दिली, तिच्यात रोज तेल घालायचं काम आपलं. एखाद दिवस नाम राहिलं म्हणून गुरुमाउली रागावून बसते का?

तेव्हा ताई, मनातली भीती काढून टाका. काजळी झाडा, नवी वात घाला, सासूबाईंचं स्मरण करून दिवा लावा. आणि घराला कुलूप लावून गावाला जाताना दिवा निश्चिंत मनाने शांत करा, परत आल्यावर पुन्हा लावा. नातवंडांनाही एकदा वात वळायला बसवा, म्हणजे पुढचे हात तयार होतील.

सर्वांच्या घरी आणि मनी ज्योत तेवत राहो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥ 🪔