संशयित म्हणजे दोषी नव्हे

साथीच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसे एखाद्या दारी येतात आणि सांगतात, "काही दिवस घराबाहेर पडू नका." त्या घरात कुणाला ताप नसतो, खोकला नसतो. रुग्णाशी संपर्क आला एवढेच कारण. धडधाकट माणसाला असे अडकवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

जून २०१९ मध्ये केरळातील एर्नाकुलम येथे एका विद्यार्थ्याला निपाहचा संशय आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो खरा ठरवला. त्याच्या संपर्कातील तीनशेहून अधिक लोकांवर देखरेख ठेवण्यात आली. त्यांतील एकालाही बाधा झाली नाही. विद्यार्थीही बरा होऊन जुलैत घरी गेला.

मग त्या तीनशे जणांना दिलेला त्रास व्यर्थ गेला का? नाही. कोण निरोगी राहणार हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी सोसले ते इतरांसाठी. म्हणून आपला अधिकार आहे, पण तो फुकटचा नाही. जो आपल्यासाठी घरात बसतो, त्याचे आपण देणे लागतो.

आदल्या वर्षी, २०१८ साली, कोळिकोड भागात निपाहने बळी घेतले. तेव्हा घरी थांबलेल्या कुटुंबांना सरकारने धान्य पोहोचवले. हे देणे फेडणेच होते. पण त्याच वेळी पेरांब्रा येथील रुग्णालयाच्या परिचारिकांना रिक्षात, बसमध्ये लोक टाळू लागले. अंतर दोन्हीकडे राखले गेले. एकीकडे त्यामागे काळजी होती, दुसरीकडे नुसती भीती.

लेवीय पुस्तकातही संशयिताला सात दिवस वेगळे ठेवण्याचा नियम आहे. मात्र सातव्या दिवशी याजकाने त्याला पुन्हा तपासायचे असते. म्हणजे वेगळे ठेवण्याला मुदत आहे आणि ठेवणाऱ्यावर जबाबदारीही आहे.

उद्या आपल्या आळीत असे एखादे घर बंद झाले, तर आपण काय करू? आरोग्यसेविकेला खरी माहिती देऊ. त्या घराचे नाव तोंडोतोंडी पसरवणार नाही. दूध, भाजी, औषध फाटकापाशी ठेवू आणि रोज एक फोन करू. मुदत संपल्यावर त्यांना मिस्सेला आपल्याच बाकावर जागा करून देऊ. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी वाटते, पण आपली खरी कसोटी तिथेच लागेल.