झिजणारा दगड, टिकणारी सेवा

इंग्लंडमधल्या यॉर्कला सकाळपासून पाऊस होता. तिथल्या मिन्स्टर या कॅथीड्रलच्या भिंतीला हात लावला, तर चुनखडीच्या दगडाचे ओले कण बोटांना चिकटले. या वास्तूचं काम १२२० ते १४७२ असं अडीचशे वर्षं चाललं. पाया घालणाऱ्यांपैकी कुणीही ती पूर्ण झालेली पाहिली नाही. झिजलेले दगड काढून तिथे नवे घडवून बसवण्याचं काम पाथरवट आजही करतात. मग यातलं टिकाऊ ते काय?

दुपारच्या गाडीने डरहॅमला पोहोचले. तिथेही पाऊसच. इथल्या कॅथीड्रलमधली संत कथबर्टची वैभवशाली समाधी राजा आठव्या हेन्रीच्या काळात उद्ध्वस्त केली गेली. आता तिच्या जागी एक साधी शिळा आहे, तिच्यावर फक्त लॅटिनमधलं नाव. ओली छत्री बाजूला ठेवून एक वृद्धा त्या शिळेपाशी गुडघे टेकून बसली होती.

पाऊस दगड झिजवतो, सत्ता सोनं नेते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी सेवा मात्र दोघांनाही पुरून उरते. माझ्या मते श्रद्धेचं घर तेच. म्हणून देवळाला दान देताना कळसाच्या सोन्याआधी रोज गाभारा झाडणाऱ्या हातांचा विचार करावा.