पिस्तूल घरात आले म्हणजे घर सुरक्षित झाले का?

गेल्या पावसाळ्यातील एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपल्यावर गव्हाण परिसरातील एक सद्गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. वय पन्नाशीच्या आसपास, नमाजाचे पाबंद, व्यवहाराला सरळ. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “मौलाना, रीतसर परवाना काढून घरात पिस्तूल ठेवले, तर दीनच्या दृष्टीने काही हरकत आहे का?” मी म्हणालो, “कायद्याने परवानगी असेल आणि हेतू संरक्षणाचा असेल, तर जायज आहे.” ते सलाम करून निघून गेले.

उत्तर चुकीचे नव्हते; परंतु ते अपुरे होते, हे मला त्या रात्री जाणवले. एखादी गोष्ट जायज आहे काय, हा एक प्रश्न. ती माणसाच्या हिताची आहे काय, हा दुसरा. त्यांनी पहिला विचारला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरा होता. त्यांची ओळख न देता, त्यांच्याच संमतीने, या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहीत आहे.

भीती खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सिडकोने जमिनी घेतल्या, बंदर आले, 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला, आणि जिथे भाताची खाचरे व मिठागरे होती तिथे जमिनीला सोन्याचा भाव आला. नव्या इमारतींमधून शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. शिवाय आपल्या समाजाच्या मनात आणखी एक भीती आहे. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. ज्याच्या हाती रक्षणासाठी शस्त्र दिले होते, त्याच्याच हातून हे घडले. त्यानंतर ‘आपले रक्षण आपणच करायला हवे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला भित्रा म्हणणे अन्याय होईल.

इस्लामही माणसाला हात बांधून मार खा असे सांगत नाही. दिव्य कुरआनाच्या सूरह अन्-निसामध्ये (आयत 71) श्रद्धावंतांना सावधगिरी बाळगण्याचा आदेश आहे. आपल्या मालमत्तेचे रक्षण करताना जो मारला जातो तो शहीद आहे, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मदिनेत एका रात्री मोठा आवाज होऊन लोक घाबरून घराबाहेर पडले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) खोगीर नसलेल्या घोड्यावर बसून, गळ्यात तलवार अडकवून सर्वांच्या आधी त्या दिशेला जाऊन परतही आले होते आणि लोकांना घाबरू नका म्हणून धीर देत होते, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. म्हणजे शस्त्र हे मुळात अपवित्र नव्हे.

परंतु त्याच प्रेषितांनी (स.) शस्त्राविषयी किती बारीक नियम घालून दिले, ते आपण विसरतो. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला ओरखडाही उमटू नये. उघडी तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, कारण सैतान ते हातातून कधी निसटवील याची खात्री नाही, आणि मग माणूस आगीच्या खड्ड्यात पडेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या दुसऱ्या एका हदीसमध्ये तर असा आशय आहे की, जो आपल्या भावाकडे लोखंडाचे टोक करतो त्याच्यावर फरिश्ते लानत करतात, मग तो भाऊ सख्खा का असेना. सख्ख्या भावाचा उल्लेख तिथे का यावा? कारण शस्त्र बहुधा ओळखीच्याच माणसावर चालते, हे माणसाच्या स्वभावाचे ज्ञान त्या शब्दांमागे आहे.

आपल्या शेजारचाच अनुभव पाहा. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, जमिनीच्या वादातून, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. पिस्तूल परवान्याचे होते आणि जागा साक्षात पोलीस ठाण्याची होती. सहाच दिवसांनी, 8 फेब्रुवारीला, दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना समेटाच्या निमित्ताने बोलावून, समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असताना मॉरिस नोरोन्हा याने गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःलाही संपवले. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेले होते, असे तपासात पुढे आले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर घरात ठेवताना हातातून निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. या तिन्ही प्रसंगांत अनोळखी दरोडेखोर कुठेच नाही. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात मनात धरलेले वैर, तिसऱ्यात क्षणाची बेसावधी. आणि या तीन गोष्टींपासून मुक्त असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही; मी स्वतःही तसा नाही.

तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्य आहे. म्हणून ज्या देशात सामान्य नागरिकाकडे सर्वाधिक शस्त्रे आहेत, त्या अमेरिकेकडे पाहू. तेथे 2022 मध्ये बंदुकीने 48 हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. 1980 ते 1986 या काळातील अमेरिकेतील सिएटल आणि कॅनडातील व्हँकुव्हर या दोन शेजारी शहरांची तुलना 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. घरफोडी व मारहाणीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. परंतु पिस्तूल सहज मिळणाऱ्या सिएटलमध्ये पिस्तुलाने खून होण्याचा धोका व्हँकुव्हरच्या सुमारे पाचपट. म्हणजे पिस्तुले अधिक असल्याने चोर कमी झाले नाहीत. भांडणे मात्र अधिक प्राणघातक झाली. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासात, जो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, पिस्तूल बाळगणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या पण स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या माणसांचा विचार केला गेला. अशा माणसांचा खून होण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरांतील माणसांच्या दुपटीहून अधिक आढळले. घरातच जोडीदाराच्या गोळीला बळी पडण्याचा धोका सुमारे सातपट होता आणि त्या बळींत बहुतांश स्त्रिया होत्या.

यावर आक्षेपही आहेत. दोन शहरांची लोकवस्ती सारखी नव्हती, असे टीकाकारांनी दाखवून दिले. लोकांना शस्त्र बाळगू दिल्याने गुन्हे घटतात, असे मांडणारे जॉन लॉट यांचे पुस्तक 1998 मध्ये आले आणि गाजले. मात्र 2004 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुरावा पाहून, शस्त्र बाळगण्याच्या मोकळीकीमुळे गुन्हे घटतात वा वाढतात असे काहीच ठामपणे म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. समाजाचे गुन्हे किती घटतात याविषयी वाद आहे. परंतु ज्या घरात पिस्तूल येते त्या घरातील माणसांवर काय परिणाम होतो, याविषयीचे पुरावे बरेचसे एकाच दिशेला बोट दाखवतात.

‘गुंड परवाना काढत नाहीत, मग कायदा पाळणाऱ्यानेच निःशस्त्र का राहावे?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. आपल्या देशात गोळीने होणारे बहुतेक खून बेकायदा शस्त्रांनी होतात, हे खरे. परंतु गुंड वेळ आणि जागा स्वतः निवडतो. तुमचे पिस्तूल कपाटात, किल्ली दुसरीकडे, आणि तुम्ही झोपेत. ते कायम भरलेले, उशाशी ठेवावे, तर घरातील मुलांच्या हाती ते आधी लागेल. जे पिस्तूल मुलांपासून सुरक्षित आहे ते दरोड्याच्या क्षणी दूर आहे. जे त्या क्षणी जवळ आहे ते मुलांनाही जवळ आहे. ही अडचण कोणत्याही कुलपाने पुरती सुटत नाही. सरकारनेही हे ओळखलेले दिसते. 2016 च्या नियमांनी हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली.

आता मी त्या हदीसकडे येतो, जी त्या शुक्रवारी माझ्या ओठांवर यायला हवी होती. सुनन नसाईमध्ये ती आहे. एका माणसाने विचारले, कोणी माझी मालमत्ता हिरावू आला तर काय करू? उत्तराचा आशय असा: त्याला अल्लाहची आठवण करून दे. ऐकले नाही, तर भोवतालच्या मुस्लिमांची मदत घे. ते नसतील, तर शासनकर्त्याची मदत घे. तोही दूर असेल, तर मग लढ. पायऱ्या चार आहेत आणि लढणे शेवटची आहे. फिकहमध्येही हल्लेखोराला परतवताना सौम्य उपाय आधी आणि कठोर नंतर, हाच क्रम सांगितला आहे. घरात आलेले पिस्तूल या क्रमालाच धक्का देते. ज्याच्या कमरेला शेवटची पायरी लटकते आहे, त्याचे पाऊल पहिल्या तीन पायऱ्यांवर टिकत नाही. तो समजावणे लवकर सोडतो, शेजाऱ्याकडे जाणे कमीपणाचे मानतो आणि तक्रार नोंदवणे वेळेचा अपव्यय समजतो.

पुढच्या शुक्रवारी मी त्या गृहस्थांना थांबवून घेतले आणि विचारले, “भीती नेमकी कोणाची वाटते?” बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “चुलत भावाची. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून.” चोराची भीती नव्हतीच, भाऊबंदकी होती. ज्याच्यासोबत एकाच अंगणात ईद साजरी केली, त्याच्यासाठी पिस्तूल घ्यायचे होते. आदमच्या (अलै.) दोन मुलांचा वृत्तान्त सूरह अल-माइदामध्ये आहे, आणि त्याच्या लगोलग (आयत 32) एका निरपराध जिवाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, हा आशय येतो. हा क्रम सहज आलेला नाही.

मी त्यांना साडेबारा टक्क्यांचा इतिहास आठवून दिला; तो त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी आपल्या शेजारी जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा हा मुलूख खासगी पिस्तुलांनी उभा राहिला नव्हता. गावे एकमेकांना धरून उभी राहिली होती. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, तिच्यामागे हे बलिदान आहे. त्या भूखंडासाठी भावाने भावावर शस्त्र धरावे, याहून मोठी विटंबना कोणती?

आगरी, कोळी, मुस्लिम अशा मिश्र वस्तीत ‘भोवतालचे’ म्हणजे आपल्या सर्वांचे शेजारी. शेजाऱ्याच्या हक्कात उलेमांनी बिगरमुस्लिमांनाही धरले आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही तो ईमानधारक नव्हे, या आशयाची हदीस दोन्ही बाजूंना लागू आहे: शेजाऱ्याने मला निर्धास्त ठेवावे, आणि माझ्या घरातील शस्त्रामुळे त्याची झोप उडू नये.

पिस्तूल हराम आहे, असा फतवा मी देत नाही. ज्याला खरोखर जिवाची धमकी आहे, ज्याने पोलिसांकडे जाऊन पाहिले आहे, जो रानाकडेला एकटा राहतो, त्याची गोष्ट वेगळी. पण इतरांनी अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला भीती कोणाची आहे? त्याच्याशी बोलून पाहिले का? आणि रागाच्या भरात माझा हात कसा असतो, हे माझ्या पत्नीला विचारले का? तिचे उत्तर कोणत्याही वैद्यकीय दाखल्यापेक्षा खरे असेल.

त्या गृहस्थांचा अर्ज अजून कपाटात आहे. तो त्यांनी फाडलेला नाही, आणि मीही फाडा म्हटलेले नाही. दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे आणि गावातील दोन जाणते आगरी गृहस्थ यांच्यासमोर एक बैठक झाली आहे, दुसरी व्हायची आहे. वाद मिटेलच, असे मी सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की पहिल्या बैठकीत आवाज चढले, एकाने तांब्या आपटला, आणि पाणी सांडले. पाणीच सांडले.

अल्लाह आपल्या घरांना भुकेपासून आणि भीतीपासून सुरक्षित ठेवो, आणि आपल्या हातांना आपल्याच माणसांपासून दूर राखो. आमीन.