राख कोणाची?

चुलीची राख आमच्या घरांत वाया जात नसे. भांडी घासायला ती लागे, धान्याला कीड लागू नये म्हणून लागे, उरलीच तर परसातल्या भाजीच्या मुळाशी जाई. ज्या घराने जाळले त्याच घराने राख सांभाळायची, असा सरळ हिशेब होता. आता बटण दाबले की उजेड पडतो आणि घरात राख दिसत नाही. ती उरतच नाही, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली आहे.

आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते. २०२१-२२ या एका वर्षात देशातल्या औष्णिक केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. तिच्यात आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. बरीचशी राख सिमेंटात आणि विटांत जाते, हे चांगलेच आहे. (सखल जागेत टाकलेला भरावही 'वापर' म्हणून मोजतात, ते मात्र आम्हाला पटत नाही.) पुष्कळ ठिकाणी ती पाण्यात कालवून पाइपाने तलावात सोडतात.

नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा असा तलाव खसाळा येथे आहे. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात त्याचा बांध फुटला. राखेचा चिखल आसपासच्या शेतांत शिरला, नाल्यावाटे कोलार नदीत उतरला आणि पुढे कन्हानकडे गेला. कोराडीची वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. तिच्यावर पुण्यातला पंखा फिरतो, रत्नागिरीतला दिवा लागतो. राख मात्र खसाळ्यातच राहते. आम्हा कोकणी शाफईंच्या तयम्मुमला स्वच्छ माती लागते, राख चालत नाही. शेतावर राखेचा थर बसलेल्या माणसाला माती म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

फिकहमध्ये एक जुना नियम आहे. लाभ ज्याचा, तोट्याचा भारही त्याचाच, असा त्याचा आशय. हा नियम आम्ही भागीदारीच्या धंद्यात बिनचूक लावतो. विजेच्या बाबतीत तो आमच्या डोक्यातही येत नाही. रमजानमध्ये मशिदीवर माळा सोडतो, तरावीहला एसी लावतो, मिलादुन्नबीला अख्खा मोहल्ला उजळतो. यात गैर काय, असे कुणी विचारील. नियत तर नेक आहे, आणि बिलही आम्ही भरतो.

नियतीचा मुद्दा खरा आहे, पण तो पुरत नाही. चुकून हातून माणूस मेला तरी शरियतने दियत ठरवली आहे. मारायचा इरादा नव्हता म्हणून गुन्ह्याची जात बदलते, वारसांचे देणे फिटत नाही. आणि बिलाचे म्हणाल, तर ते विजेचे बिल आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई वीजकेंद्रांवर बसवली. ते पैसे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात जातात, शेतकऱ्याच्या हातात नाही.

हुकूकुल इबादची गोष्ट इथेच अवघड होते. नमाज चुकली तर कजा आहे, तौबा आहे; तो अल्लाह आणि बंद्यातला मामला. बंद्याचा हक मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते, हे आम्ही मकतबात शिकलो. तेव्हा शेजारी म्हणजे चाळीस घरांपर्यंतचा, असे वडीलधारे सांगत. विजेच्या तारेने हा शेजार शेकडो मैल लांबवला आणि आम्ही घरे मात्र पूर्वीचीच मोजत बसलो.

वीज सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही हे दिव्याखालीच लिहितो आहोत. माळा निम्म्या केल्या तर खसाळ्याची राख कमी होईल, असा भाबडा हिशेबही मांडत नाही. पण आमच्या मोहल्ल्यातून कुणी हजला निघाला की आधी दारोदार जातो, "कहा-सुना माफ करा" म्हणतो. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्याच्याही दारी जातो. उधारीचा कागद खिशात असतो, तो फेडून मगच इहराम बांधतो. त्या कागदावर राखेची नोंद आम्ही अजून कुणाच्याच पाहिलेली नाही. आमच्याही नाही.