दादागिरीची पहिली शाळा

वर्गातल्या दादागिरीबद्दल आपल्या मनात दोन समजुती पक्क्या बसलेल्या आहेत. त्रास देणारं पोर आतून भित्रं असतं, न्यूनगंड झाकायला ते दुसऱ्याला छळतं, ही पहिली. छळ सोसणाऱ्यातच काहीतरी वेगळं असतं, चष्मा, जाडेपणा, तोतरं बोलणं, ही दुसरी. दोन्ही मोठ्यांच्या सोयीच्या आहेत. एकीत कीव करायला जागा मिळते, दुसरीत कारण पोराच्या अंगावरच सापडतं. घराकडे बघायची वेळच येत नाही. मला मात्र वाटतं की दादागिरी हा शिकलेला व्यवहार आहे, आणि बऱ्याचदा चांगला घोटून घेतलेला. जोर लावला की काय पदरात पडतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा हिशेब मूल आधी घरात मांडतं आणि मग वर्गात चालवून बघतं.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. तो स्वीडनचा, पण पुढे नॉर्वेतल्या बर्गनला स्थायिक झाला. आतून भित्रा असलेला दांडगोबा त्याने खरोखर शोधून पाहिला. नुसत्या प्रश्नावल्यांवर न थांबता ताणाची संप्रेरकंही तपासली, पण तो सापडला नाही. दादागिरी करणाऱ्या मुलांमध्ये चिंता सरासरीइतकी किंवा त्याहून कमीच निघाली. सोसणाऱ्यांचं बाह्य वेगळेपणही इतरांहून फारसं जास्त नव्हतं. ठळक फरक होता तो अंगच्या ताकदीत आणि बुजरेपणात. मग ही आक्रमकता येते कुठून? १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने स्वीडनमधल्या मुलग्यांच्या घरांकडे पाहिलं आणि चार गोष्टी पुढे आल्या : मुलाचा मूळचा तापट पिंड, आईच्या वागण्यातला कोरडेपणा, मुलाच्या मारकुटेपणाकडे घरातून होणारी डोळेझाक आणि आईबापांचा मारझोड-आरडाओरड्यावरचा भर. घरच्या आर्थिक स्थितीशी मात्र संबंध आढळला नाही. झोपडपट्टीकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. यात डोळेझाक आणि मार एकाच यादीत आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या घरात धाकट्या भावाला बदडल्यावर कोणी काही म्हणत नाही आणि मार्क कमी पडले की पट्टा निघतो, तिथे मुलाला एकच धडा मिळतो : चूक-बरोबर असं काही नसतं, त्या क्षणी वरचढ कोण एवढंच असतं.

सोसणाऱ्याच्या घराबद्दल बोलताना जपून बोलायला हवं. २०१३ साली लेरेया, समारा आणि वोल्के यांनी सत्तर अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. छळ सोसणाऱ्या मुलांच्या घरी दुर्लक्ष आणि मारहाण अधिक दिसली; शिवाय मुलाला फुलासारखं जपण्याचा अतिरेकही दिसला. जी मुलं मार खातात आणि देतातही, त्यांच्या बाबतीत घरच्या कठोरपणाशी नातं अधिक घट्ट होतं. पण हे परिणाम लहान ते मध्यम आकाराचे आहेत, आणि अतिजपणुकीची बाजू उलटीही असू शकते. पोर रोज रडत घरी येत असेल तर कुठली आई त्याला पदराखाली घेणार नाही? शिवाय जुन्या अभ्यासांत आईच्या वागण्याची जेवढी चिरफाड झाली तेवढी बापाच्या वागण्याची झाली नाही, हा आक्षेप रास्तच आहे.

याहून मोठा आक्षेप आनुवंशिकतेचा. इंग्लंड आणि वेल्समधल्या १,११६ जुळ्यांच्या कुटुंबांवरचा अभ्यास २००८मध्ये आला. मुलामुलांतल्या फरकापैकी दादागिरीच्या बाबतीत ६१ टक्के आणि छळ सोसण्याच्या बाबतीत ७३ टक्के वाटा त्यात जनुकांकडे गेला. मग घराला काय उरलं? बरंच उरलं. याच जुळ्यांच्या पुढच्या पाहणीत, आईची माया, भावंडांचं प्रेम आणि घरातलं शांत वातावरण लाभलेल्या मुलांना छळाचे परिणाम कमी भोगावे लागलेले दिसले. अगदी एकसारख्या जुळ्यांतही ज्याला आईचा ओलावा अधिक मिळाला, त्याच्या वागण्यातल्या तक्रारी कमी होत्या. तापट पिंड वारशाने येत असेल. तो पिंड कुणावर चालवायचा हे वारशाने येत नाही.

आणि हे ‘कुणावर’ युरोपातल्या प्रश्नावल्यांत पुरतं मावत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तरच पाणी, नसेल तर तहान. तिथे छळ व्यवस्थेचाच होता, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत चालणारा. पण शेजारी न बसणाऱ्या मुलांना ते कुणी शिकवलं होतं? कुणाला दुखावलं तर काहीच किंमत मोजावी लागत नाही, याची यादी घरं जेवणाच्या ताटावर मुलांच्या हाती देतात. आज त्या यादीत जातीबरोबर रंग, बोली, आडनाव आणि शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून झालेला प्रवेशही असतो. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शिक्षकाच्या छडीला आणि मानसिक छळाला बंदी केली. घरच्या छडीला आणि टोमण्यांना असं कलम नाही.

मग घर बदलेपर्यंत शाळेने हात बांधून बसायचं का? नाही. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या, सोबत्यांचा जाच हे बहुधा त्यामागचं कारण होतं, आणि पुढच्याच वर्षी देशभर मोहीम निघाली. बर्गनमधल्या ४२ शाळांत, सुमारे अडीच हजार मुलांमध्ये, दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मुलांची घरं होती तशीच राहिली असावीत. वर्गाचे नियम ठरले, मधल्या सुट्टीत मोठी माणसं मैदानावर फिरू लागली आणि जोर लावण्याची किंमत तिथल्या तिथे वसूल होऊ लागली. त्याच मोहिमेतल्या रोगालँड भागात तीन वर्षांनी मोजणी झाली तेव्हा मात्र घट दिसली नाही. मोहिमेचं साहित्य तिथल्या शाळांतही पोचलं होतं.